नागपुरात तेरा पानं, चार माणसं

शुक्रवार

नाशिकरोडहून रात्री विदर्भ एक्सप्रेस धरली, की वर्धा मागे पडेपर्यंत झोप पूर्ण होते. नागपूरला उतरले तेव्हा डिसेंबरअखेरची थंडी चांगलीच बोचत होती. स्टेशनावरून मेट्रो घेतली, सीताबर्डी, झाशी राणी चौक करत शंकरनगरला उतरले आणि चालत आत्याकडे गेले.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आतोबा रेल्वेत होते. त्यांच्या ऑफिसर्स क्लबात पत्त्यांच्या ब्रिजला एकदा चौथा भिडू कमी पडला म्हणून तिला बसवलं, आणि पुढे तिच्यासमोर बसायला तिथे माणसं नंबर लावू लागली. मला ब्रिज तिनेच शिकवला. नागपुरात स्पर्धा आहे, शनिवारी जोड्यांची आणि रविवारी संघांची, असा तिचा फोन आला तेव्हा शाळेला नाताळची सुट्टी होती. मी लगेच तिकीट काढलं.

गोकुळपेठेत तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वर चिवडा, कांदा, लिंबू. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आत्याने दुसऱ्यांदा तर्री मागून घेतली. तिथेच तिने कागद काढला आणि आमची बोलीची, म्हणजे किती हात करू हे सांगत भिडूला आपली पानं कळवायची, पद्धत पुन्हा एकदा तपासली: एक बिनहुकमी (हुकमाशिवाय खेळायची बोली) म्हणजे मोठ्या पानांचे १५ ते १७ गुण, दोन इस्पिक म्हणजे सहा पानं आणि हलका हात. शेवटी म्हणाली, "आणि एक. डाव संपला की त्यावर टेबलावर चकार शब्द नाही. तू चुकली तरी नाही, मी चुकले तरी नाही. काय बोलायचं ते घरी आल्यावर."

ही अट तिने शिकवायला सुरुवात केली तेव्हापासूनची आहे. तिच्यामागचं कारण कळायला स्पर्धेतला ब्रिज कसा चालतो ते माहीत असावं लागतं. घरी पत्ते पिसले जातात आणि नशीब वाटलं जातं. स्पर्धेत प्रत्येक डावाची पानं चार कप्प्यांच्या पाकिटात ठेवलेली असतात. तो डाव खेळून झाला की ज्याची त्याची तेरा पानं परत त्याच कप्प्यात जातात आणि पाकीट पुढच्या टेबलावर जातं. म्हणजे मी जो हात खेळले, तोच हात सभागृहातल्या माझ्या जागेवरच्या प्रत्येकाने खेळायचा. गुण मिळतात ते त्याच पानांवर इतरांपेक्षा किती बरं केलं त्याचे. पानं वाईट आली ही तक्रार इथे चालत नाही. उरतात ती माणसं: समोरचा भिडू, डावी-उजवीकडचे प्रतिस्पर्धी, आणि त्या चौघांचं एकमेकांशी वागणं.

शनिवार

सकाळी नऊला क्लबच्या हॉलमध्ये पोचलो तेव्हा हिरव्या कापडाची टेबलं मांडून झाली होती. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून आयोजकांनी आम्हाला जागेवर बसणारी जोडी केलं. समोरच्या जोड्या दर फेरीला बदलणार. हॉलमध्ये चहाच्या रांगेत जेवढा गलका होता, तेवढीच पहिली पाकिटं उघडल्यावर शांतता झाली. ब्रिजमध्ये बोलीसुद्धा तोंडाने बोलत नाहीत. डब्यातून कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पासचं कार्ड हिरवं, डबलचं लाल. आवाजाच्या चढउतारातून भिडूला काही कळू नये, यासाठी ही सगळी व्यवस्था.

पण माणूस गप्प बसूनही बोलतो. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत एक वकीलसाहेब आणि त्यांचे बँकेतून निवृत्त झालेले भिडू आमच्या टेबलावर आले. वकीलसाहेबांनी एक इस्पिक लावलं. आत्याने दोन बदाम. बँकवाल्यांनी दोन इस्पिक, म्हणजे साधा आधार, फार काही हातात नाही. माझ्याकडे बदामची चार पानं आणि चांगला हात होता. मी स्टॉपचं कार्ड टाकून चार बदाम लावले, म्हणजे बदाम हुकूम धरून तेरापैकी दहा हात करायचे. स्टॉपचं कार्ड पडलं की पुढच्याने सुमारे दहा सेकंद थांबायचंच, विचार करायचा असो वा नसो. वकीलसाहेब थांबले. दहा सेकंद गेले, वीस गेले. त्यांनी पानं मिटली, परत उघडली, छताकडे पाहिलं. शेवटी पास. आत्याचा पास. आणि ज्यांनी आत्ताच "माझ्याकडे थोडंच आहे" असं सांगितलं होतं, त्या बँकवाल्यांनी चार इस्पिक लावले.

आत्याने हात वर केला. "डायरेक्टर, प्लीज."

डायरेक्टर म्हणजे स्पर्धेचे पंच, मुंबईहून आलेले, हळू बोलणारे गृहस्थ. आत्याने एवढंच सांगितलं की पास बराच उशिरा आला. वकीलसाहेब लाल झाले. "तुम्ही आम्हाला चोर म्हणताय का बाई? मी चाळीस वर्षं कोर्टात काढली!" आत्या पानांकडे बघत बसली. डायरेक्टरांनी डाव पुढे खेळायला लावला. चार इस्पिक एका हाताने पडला, आम्हाला ५० गुण. आमचे चार बदाम दहा हातांचा पक्का डाव होता, त्याचे ६२० झाले असते.

मग डायरेक्टरांनी जे केलं ते मला या खेळातलं सगळ्यात सभ्य काम वाटतं. त्यांनी बँकवाल्यांची पानं एका कागदावर लिहिली आणि त्याच तोडीच्या काही खेळाडूंना एकेकटं गाठून विचारलं: हा हात, अशी बोली, तुम्ही काय कराल? रेंगाळलेल्या पासबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. बहुतेकांनी पास म्हटलं. म्हणजे पास हा इथे रास्त पर्याय होता, आणि भिडूच्या रेंगाळण्याने बोली पुढे नेण्याकडे बोट दाखवलं होतं. निकाल बदलला, चार बदाम आमच्या खात्यात जमा. निकाल सांगताना ते म्हणाले, "साहेब, तुमच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. कायदाही म्हणत नाही. विचार करायला बंदी नाही. पण विचारातून जे कळलं त्याचा फायदा तुमच्या भिडूला घेता येत नाही." वकीलसाहेबांना ते पटलेलं दिसलं नाही. बँकवाले मात्र उठताना आत्याला नमस्कार करून गेले.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. डायरेक्टरला बोलावणं म्हणजे भांडण काढणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरं तर उलट आहे. डायरेक्टर येतो म्हणून भांडण टेबलावर राहत नाही. या खेळात परस्परांवरच्या संशयाने मोठमोठी माणसं कायमची दुरावली आहेत. १९६५ साली ब्यूनस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो यांच्यावर पानं धरण्याच्या बोटांतून खुणा केल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने दोषी धरलं, ब्रिटिश चौकशीने निर्दोष ठरवलं आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. पुढे १९७५ साली बर्म्युडात भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवे पडदे आले, तर त्याच स्पर्धेत इटलीच्या एका जोडीचे पाय टेबलाखाली एकमेकांना लागताना दिसले. मग पडदे खालपर्यंत आले. एवढं सगळं का, तर इथे भिडूला चोरून दिलेली एक खूणसुद्धा सगळा खेळ नासवते.

दुपारच्या सत्रात याच्या अगदी विरुद्ध टोकाचा माणूस भेटला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा नागपूरचा मुलगा, काळं जॅकेट, बसल्याबसल्या बोलायला सुरुवात. पोकर खेळायचा. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर टूर्नामेंटला जायचा, एरवी मोबाइलवर. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने केला आणि त्याचं ॲप बंद झालं. कुणीतरी ब्रिजचं नाव सांगितलं म्हणून तो इकडे वळला. डोकं तल्लख. पण पोकरमध्ये बोलणं हेच हत्यार असतं. समोरच्याला बोलतं करायचं, चिडवायचं, त्याचा श्वास, हात, गळ्यावरची शीर बघायची.

त्याचा डाव चार बदाम. त्याआधी आत्याने दोन इस्पिकने बोली उघडली होती. आत्या त्याच्या डावीकडे, मी उजवीकडे. इस्पिकचे दोन हात आम्ही घेतले, किलवरचा एक घेतला, त्याने हुकूम तीनदा काढले आणि सगळं येऊन थांबलं ते चौकटच्या राणीवर. त्याच्या हातात एक्का, गुलाम, नव्वी, दुर्री. डमीत, म्हणजे टेबलावर उघडी मांडलेल्या त्याच्या भिडूच्या पानांत, राजा, दहिली, छक्की, तिर्री. राणी दोघींपैकी कुणाकडेही धरून फिनेस करता येतो, म्हणजे तिला चकवून हात काढता येतो. राणी माझ्याकडे होती.

त्याने पानं खाली ठेवली आणि आत्याकडे वाकून म्हणाला, "काकू, राणी तुमच्याकडंच आहे ना? सांगून टाका, मी तं सहज विचारून राहिलो."

आत्याने चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, हसूनही नव्हे. गोकुळपेठेत भाजीवाल्याने भाव सांगितला की ती जशी बघते, तशी. "खेळ," ती म्हणाली.

त्या दोन अक्षरांत त्याला काय दिसलं कोण जाणे. त्याने गुलाम पुढे केला, आत्याने छोटं पान दिलं, डमीतून छोटं पान आणि मी राणीने हात घेतला. डाव एकाने पडला. त्याने जोरात टेबलावर हात मारला. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळले.

पुढच्या फेरीला तो वकीलसाहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथे व्हायचं तेच झालं. त्याने तोच प्रश्न त्यांना विचारला. "डायरेक्टर!" ही हाक बाहेर रस्त्यावर ऐकू गेली असेल. वकीलसाहेब उभे राहून बोलत होते. हा जुगाराचा अड्डा नाही, असल्यांना आत घेतंच कोण, वगैरे. मुलगाही उठला. "मी का पैसे लावून राहिलो का इथं? एक प्रश्न विचारला फक्त!" नियमाने वकीलसाहेबांचंच बरोबर होतं. प्रतिस्पर्ध्याची प्रतिक्रिया बघण्यासाठी त्याला डिवचणं ब्रिजमध्ये बसत नाही. पण ज्या आवाजात ते बोलत होते, तोही बसत नाही. त्याच कायद्यात सगळ्यांशी सौजन्याने वागण्याचं कलम आहे. डायरेक्टरांनी आधी वकीलसाहेबांना खाली बसवलं, मग मुलाला समज दिली. दोघांना एकाच सुरात. मला ते फार आवडलं.

चहाच्या वेळी मुलगा एकटाच खिडकीशी उभा होता. आत्या काठी टेकत त्याच्याकडे गेली आणि मीही मागोमाग. तो म्हणाला, "काकू, पोकरमध्ये हे सगळं चालते. २००६ ला जेमी गोल्ड वर्ल्ड सिरीजचं मेन इव्हेंट जिंकला, एक कोटी वीस लाख डॉलर. पूर्णवेळ बोलत होता. कधी कधी खरे पत्तेच सांगून द्यायचा, अन् समोरचा फसायचा."

"असेल," आत्या म्हणाली. "तिथे तुझ्यासमोर भिडू नसतो. जिंकला तर तू, हरला तर तू. इथे माझ्या तोंडाकडे बघायची तुला गरजच नव्हती. मोज. दोन इस्पिक बोलले म्हणजे सहा पानं इस्पिकची. हुकमाला मी तीनदा पान दिलं. किलवरलाही तीनदा. किती झाली?"

तो क्षणभर थांबला. "बारा."

"मग चौकटचं माझ्याकडे एकच. बाहेर पाच होती, चार माझ्या भाचीकडे. राणी तिच्याकडे असण्याची शक्यता पाचात चार. आधी डमीतला राजा खेळायचा, म्हणजे माझ्याकडे एकटी राणी असली तर तिथेच पडते. मग दहिली पुढे करायची. चारही हात तुझे. हे सगळं मी तुला बोलीत सांगितलंच होतं, तू ऐकत नव्हतास, बघत होतास."

त्याने खिशातून पेन काढून तळहातावर पानं लिहून घेतली. पुढच्या फेरीची घंटा होईपर्यंत तो तिथेच मोजत उभा होता.

आम्हाला ५४ टक्के मिळाले. आत्याला तेवढे पुरेसे नव्हते.

रविवार

संघाचा खेळ म्हणजे चौघांचा संघ. दोघे एका टेबलावर, दोघे दुसऱ्या, आणि एकच डाव दोन्हीकडे उलट जागांवर खेळला जातो. आमच्या संघात अमरावतीचं एक जोडपं होतं. ते पाटबंधारे खात्यातले अभियंते, त्या कॉलेजात गणित शिकवतात. आम्ही त्यांना दादा-वहिनी म्हणतो. दोघेही आमच्यापेक्षा चांगले खेळाडू आहेत, हे मी आधीच सांगते.

सकाळच्या सामन्यात आम्ही मोठ्या फरकाने हरलो. गुणपत्रकं जुळवताना एका डावावर सगळ्यांचीच नजर थांबली. तीन बिनहुकमी. आमच्या टेबलावर आत्या खेळली, प्रतिस्पर्ध्यांनी पहिलंच पान बदामचं टाकलं आणि ती एकाने पडली. १०० गुण गेले. दुसऱ्या टेबलावर तोच डाव प्रतिस्पर्धी खेळत होते आणि पहिलं पान वहिनींनी टाकायचं होतं. दादांनी बोलीत बदाम दाखवले होते. वहिनींनी किलवर टाकलं. डाव झाला, ६०० गुण. दोन्ही मिळून ७०० चा फरक, म्हणजे संघांच्या गुणमोजणीत १२ आयएमपी एका डावात.

"भिडूने बदाम म्हटल्यावर किलवर?" दादा म्हणाले. आवाज वाढवला नव्हता, पण आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका स्पष्ट होता. "पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही."

वहिनी म्हणाल्या, "त्याच्या आधीच्या डावात तुम्ही मला पाच मिनिटं काय सांगत होतात, ते आठवतं का? तेही सांगा ना सगळ्यांना."

मी हळूच आधीच्या डावाचं पत्रक बघितलं. काहीच घडलं नव्हतं. एक जादा हात गेला होता, त्याचा एक आयएमपी. त्या एकासाठी दादांनी दोन डावांच्या मधल्या वेळात, प्रतिस्पर्ध्यांसमोर, व्याख्यान दिलं होतं. आणि पुढच्या डावात वहिनींना भिडूचा रंग टाकावासाच वाटला नाही. बाराचा खड्डा तिथे पडला. नवरा-बायकोने ब्रिज खेळू नये असं गमतीने म्हणतात. मला त्यात गंमत वाटत नाही. १९२९ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीत मर्टल बेनेट नावाच्या बाईने चार इस्पिकचा डाव पडल्यावर झालेल्या भांडणात, नवऱ्याने थोबाडीत मारल्यावर, त्याला गोळी घालून ठार केलं. १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली. त्याच वर्षी सुरू झालेल्या कल्बर्टसन-लेन्झ सामन्यात लेन्झचा भिडू ओस्वाल्ड जॅकोबी भर सामन्यातून बाहेर पडला, कारण लेन्झने त्याच्या खेळावर केलेली टीका त्याला सहन झाली नाही. जॅकोबी त्या काळातला अव्वल खेळाडू. तो गेल्यावर लेन्झला दुसरा भिडू घेऊन खेळावं लागलं आणि तो सामना हरला.

जेवायला वडाभात होता. भातावर वडे कुस्करून त्यावर फोडणीचं तेल. दादा ताटातलं चिवडत होते, वहिनी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या होत्या. आत्या जेवण उरकून उठली आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुपारी जोड्या बदलू. वहिनी माझ्यासमोर, दादा हिच्यासमोर." संघात चौघांनी जोड्या कशा लावायच्या हा संघाचा प्रश्न असतो. कुणी काही बोललं नाही.

म्हणून दुपारभर मी दादांसमोर बसले, आणि सकाळी ज्याचा मला संताप आला होता तो माणूस जवळून पाहिला. पानं उचलताना त्यांचा हात थरथरतो. डाव सुटला की ते कोरडे ओठ पुसतात. पहिला डाव आमचा एकाने पडला, माझ्या खेळावर. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं. मी पाकीट पुढे सरकवत म्हटलं, "दादा, घरी." ते थांबले. पुढच्या डावानंतर परत तेच, परत मी तेच म्हटलं. पाचव्या-सहाव्या डावानंतर त्यांनी स्वतःच खिशातून कागद काढला आणि मनातलं त्यावर लिहायला लागले. मग त्यांचा खेळ इतका बहरला, की एका सहा इस्पिकच्या डावात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचा शेवटचा पत्ता मोजून सांगावा तसा खेळ केला. हा माणूस दुष्ट नाही. त्याला हरणं सहन होत नाही आणि बोलल्याशिवाय ती कळ शमत नाही. ती कळ शमवण्याचा खर्च मात्र समोरच्या माणसाला भरावा लागतो, आणि तिथे बहुतेक वेळा वहिनीच असतात.

दोन्ही दुपारचे सामने आम्ही जिंकलो. पलीकडच्या टेबलावरून वहिनींचं हसणं मी दोनदा ऐकलं. अंतिम फेरीत जाण्याइतके गुण सकाळच्या पराभवाने राहिले नव्हते.

सायंकाळी पाटवडी रस्सा खाताना विषय निघाला तो दिव्या देशमुखचा. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या या मुलीने बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून इथे डोक्याच्या खेळांबद्दल सगळेच अभिमानाने बोलतात. वहिनी म्हणाल्या, "बुद्धिबळात एकटीने बसायचं, किती शांतता." दादांनी मान वर केली. "२०१८ च्या एशियाडमध्ये ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्ण आपलं आहे. प्रणब बर्धन साठीचे, शिबनाथ सरकार छप्पन्नचे. अनेक वर्षं एकत्र खेळत होते. ते एकमेकांना काय म्हणत असतील?" बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. मग वहिनींनी त्यांच्या ताटात रस्सा वाढला.

सोमवार

सकाळी पोकरवाला मुलगा आत्याच्या घरी आला. पत्ता कुणाकडून मिळवला माहीत नाही. हातात वही, तिच्यात शनिवारचे सगळे डाव उतरवलेले. आत्याने त्याला चहा दिला, पत्त्यांचा जोड दिला आणि पानं वाटून उलटी ठेवायला सांगितली. मी बॅग भरत होते तेव्हा बैठकीतून तिचा आवाज येत होता: "इस्पिक किती गेले? बदाम? बघू नको, सांग." तो दर शुक्रवारी येणार असं ठरलं. वकीलसाहेबांचा क्लब त्याला घेईल का, ही त्याची शंका होती. आत्याने तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. पहिली पाच मिनिटं ती फक्त "हं" म्हणत होती. मग म्हणाली, "तुम्हीच त्याला बोलीचे नियम शिकवा, तुमच्याइतके नियम कुणाला येतात?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही, पण फोन ठेवताना आत्याने मुलाला बुधवारची वेळ सांगितली.

परतीच्या गाडीत दादांचा मेसेज आला. शनिवार-रविवारच्या डावांची छापील नोंद त्यांनी तपासली होती. तीन बिनहुकमीच्या त्या डावात बदाम टाकलं असतं तर डाव पडला असता, हे त्यांनी आधीच ठासून सांगितलं होतं. पण किलवर टाकल्यानंतरही, तिसऱ्या हाताला त्यांनी स्वतः एक्का घेऊन बदाम परत टाकलं असतं, तरी तो डाव पडला असता. हे त्यांनी वहिनींना सांगितलंय, असंही लिहिलं होतं.

पुढच्या स्पर्धेला, अमरावतीला, आत्या आणि वहिनी एकत्र बसणार आहेत आणि मी दादांबरोबर. बोलीची पद्धत आम्ही फोनवर ठरवतोय. एक बिनहुकमी १५ ते १७ गुणांवरच लावायचं, याला त्यांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांना १२ ते १४ हवंय.